विमेवाल्याची रायफल

आमच्या भागात बंदूक विकत घेणं दूध आणण्याइतकं सोपं आहे, असं शहरातले लोक वर्तमानपत्रांतून लिहीत असतात. त्यांच्यापैकी एकानं कधीतरी गेर्केच्या दुकानात येऊन 'जरा ती रायफल दाखवता का' एवढं वाक्य म्हणून दाखवावं. मी म्हणून दाखवलं आहे. त्यानंतर सात आठवडे गेले, पैसे गेले, गावातली पत गेली, आणि ज्या दिवसासाठी ती रायफल हवी होती त्या दिवशी मी हात हलवत गेलो.

माझं नाव लेनर्ड पेगेल. गावातल्या विमा कचेरीत मी नुकसानीच्या दाव्यांचं काम बघतो. आमच्या उत्तर विस्कॉन्सिनात नोव्हेंबरात हरणं मोटारींवर येऊन आदळतात आणि मी त्या मोटारींचे फोटो काढून अहवाल लिहितो. हरणाशी माझा संबंध तेवढाच. बाकी सगळा गाव त्या महिन्यात, एकमेकांची गोळी लागू नये म्हणून भडक नारिंगी कपडे घालून, हरणांच्या शिकारीला जंगलात जातो. मी मात्र एकतीस वर्षं बायकांबरोबर गावात राहून पत्ते खेळत आलो, आणि त्यात मी पुष्कळ तरबेज झालो आहे. सासुरवाडीच्या शिकारीच्या खोपटात मला कधी कुणी बोलावलं नाही आणि मीही कधी तो विषय काढला नाही.

तर सप्टेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. आल्विन टेश, वय चौऱ्याऐंशी. सगळा जन्म लाकूडतोडीत गेला, त्यामुळे शब्द मोजून वापरतात. 'या वर्षी तू माझ्या मचाणावर,' असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी बायकोकडे बघितलं. तिला आधीच सगळं माहीत होतं. आमच्या घरात मला सगळ्यात शेवटी कळतं, आणि तेही फोनवर.

"रॉजर आणि केन म्हणतायत, बाबांना आता एकट्याला मचाणावर सोडायचं नाही," लव्हॉन म्हणाली. रॉजर आणि केन हे तिचे भाऊ. "कुणीतरी शेजारी बसलं तर ठीक, नाहीतर या वर्षीपासून घरीच. बाबा म्हणाले, बसला तर लेनर्ड बसेल, दुसरं कुणी नको."

"पण मीच का?"

"ते मला काय ठाऊक. तू नाही म्हणालास तर ते घरात खिडकीशी बसून राहतील आणि नाताळपर्यंत संपतील, एवढं मला ठाऊक आहे."

एवढं ऐकल्यावर नाही म्हणणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. शिवाय खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी फार बरं वाटलं होतं. एकतीस वर्षांनी का होईना, त्यांनी मला माणसांत घेतलं होतं. आता माणसांत जायचं तर रिकाम्या हातानं कसं जाणार? रॉजरनं त्याच्या मुलाची जुनी रायफल देऊ केली. मी म्हटलं, छे, मी माझी घेईन. आयुष्यात जिथे जिथे मी 'छे' म्हणालो आहे तिथे तिथे मला नंतर भुर्दंड पडला आहे, पण त्या क्षणी ते लक्षात येत नाही.

मी रायफल घेणार ही बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. शेजारी क्लॅरेन्स व्होइचिक, कागद गिरणीतून निवृत्त झालेला, आमच्या कुंपणापाशी पाऊण तास उभा राहिला. त्याच्या मते एकच काडतूस खरं, बाकी सगळा पोरखेळ. रविवारी चर्चमध्ये कॉफीच्या टेबलाशी तिघांनी मला तीन वेगळी काडतुसं सांगितली. क्लॅरेन्सच्या काडतुसानं हरीण मरत नाही, नुसतं रागावतं, असं त्यातल्या एकाचं म्हणणं पडलं. आमच्या पाद्रीबाईंनी दुर्बीण कुठली घ्यावी ते सांगितलं, आणि अख्ख्या गावात तेवढाच सल्ला मला कळला. मी सगळं चिठ्ठीवर लिहून घेतलं. घरी येऊन चिठ्ठी वाचली तेव्हा ती कुठल्या तरी औषधाच्या डोसासारखी दिसत होती.

गेर्केचं दुकान गावाच्या टोकाला आहे. एका बाजूला बंदुका, दुसऱ्या बाजूला मासेमारीसाठी गांडुळं आणि जिवंत छोटे मासे. मधोमध कॉफीचं यंत्र आणि त्याच्याभोवती चार उंच स्टुलं. या स्टुलांवर जे बसतात ते काही घेत नाहीत. गिऱ्हाईक काय घेतं ते ते बघतात. त्यांचा म्होरक्या बर्नी, निवृत्त पोस्टमन. त्यानं गावातल्या प्रत्येकाची पत्रं वाटली आहेत, त्यामुळे प्रत्येकाबद्दल आपल्याला दोन गोष्टी जास्त ठाऊक आहेत अशा नजरेनं तो बघतो.

मी आत गेलो तेव्हा ड्वेन गेर्के एक गोष्ट सांगत होता. ती १९९४ सालच्या एका अस्वलाची होती. मी काउंटरपाशी उभा राहिलो. अस्वल ओढा ओलांडून आलं, मी उभा. अस्वलानं खोपटाचं दार तोडलं, मी उभा. शेवटी अस्वल निघून गेलं तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती. गेर्केनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "गांडुळं पलीकडच्या बाजूला."

मी म्हणालो, रायफल बघायची आहे.

बर्नीनं कप खाली ठेवला.

"कुणासाठी?" गेर्केनं विचारलं.

माझ्यासाठीच, असं मी शक्य तेवढ्या खालच्या आवाजात सांगितलं. गेर्केनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि आतून एक छोटी, आखूड दस्त्याची रायफल काढून माझ्या हातात दिली. ती छान होती, हलकी होती. दस्त्याला लावलेल्या चिठ्ठीवर 'वय दहा ते चौदा' असं होतं. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. चर्चचा हिशेब माझ्याकडे आहे. रोटरीच्या नाश्त्याला मी दोनदा भाषण केलं आहे. मी ती चिठ्ठी वाचली नाही असं दाखवून रायफल परत दिली आणि मोठ्या माणसांची मागितली.

मग त्यानं जी काढली ती मला आवडली. का आवडली ते मला सांगता येणार नाही. अक्रोडाचं लाकूड होतं, खांद्याला नीट बसली. मी किंमत विचारली. त्या दुकानात कुठल्याच वस्तूवर किंमत लिहिलेली नसते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. गेर्केनं छताकडे बघितलं, माझ्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाला, "आठशे तीस."

संध्याकाळी कुंपणापाशी क्लॅरेन्सला सांगितलं. त्यानं अगदी तीच रायफल गेल्या वसंतात त्याच दुकानातून सातशेला घेतली होती. मी म्हटलं, हे कसं? तो म्हणाला, त्यात कसं काय आलंय, माझा बाप आणि ड्वेनचा बाप एकाच बोटीत मासे मारायचे. म्हणजे माझ्या बापानं दूर मिलवॉकी शहरात जन्म घेऊन माझं एकशे तीस डॉलरांचं नुकसान केलं होतं. मी नुकसानीच्याच धंद्यात आहे. कुणी माझ्याकडे असा दावा आणला असता तर मी तो मंजूर केला असता.

रागाच्या भरात मी घरी संगणकापुढे बसलो. तीच रायफल, तेच लाकूड, पाचशे नव्वद. दूरच्या कुठल्या तरी राज्यातला विक्रेता, पाठवणावळ फुकट. मी बटण दाबलं आणि लव्हॉनला विजयी मुद्रेनं दाखवलं. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. शेवटपर्यंत वाचणं हा तिचा स्वभाव आहे आणि न वाचणं हा माझा, विमा कचेरीत काम करत असूनही. शेवटी लिहिलं होतं की बंदूक घरी येत नाही. ती गिऱ्हाइकाच्या गावातल्या परवानाधारक दुकानदाराकडे येते, तो सरकारी तपासणी करतो आणि मगच हातात देतो.

"आपल्या गावात परवाना कुणाकडे आहे?" लव्हॉननं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणतात. मी दुसऱ्या दिवशी गेर्केकडे गेलो. काउंटरमागे एक पाटी होती, ती मला आदल्या खेपेला दिसली नव्हती. बाहेरून आलेल्या बंदुकीचे कागद करायचे: तीस डॉलर. संगणकावरून घेतलेली असेल तर: ऐंशी. इथे हातात घेऊन बघून मग संगणकावरून घेतलेली असेल तर: दीडशे. मी पाटी दोनदा वाचली. गेर्के शांतपणे कॉफी पीत होता.

"कुठली घेतलीत हो, विमेवाले?" त्यानं विचारलं.

मी नाव सांगितलं.

"अक्रोडाचं लाकूड?"

मी हो म्हणालो. स्टुलावरून बर्नी म्हणाला, काल यांच्या हातात तीच होती, मी साक्षीला आहे. दीडशे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय. तरी मी मनाशी हिशेब केला, की अजून नव्वद डॉलर वाचतायत. तो हिशेब मी पुढे बरेच दिवस करत राहिलो आणि दर वेळी उत्तर लहान होत गेलं.

विक्रेत्याला गेर्केच्या परवान्याची प्रत हवी होती. गेर्के ती फक्त फॅक्सनं पाठवतो. विक्रेत्याकडे फॅक्स नव्हता, आणि असं यंत्र अजून कुणाकडे आहे हे ऐकून तिथल्या मुलीला हसू आवरेना. गेर्केला ई-मेल करा म्हटलं तर तो म्हणाला, आमचे सरकारी कागद असे हवेत सोडत नाहीत. शेवटी ग्रंथालयातल्या बाईंनी मध्यस्थी केली. गेर्केनं ग्रंथालयात फॅक्स केला, ग्रंथालयानं पुढे पाठवला. यात अकरा दिवस गेले. रायफल गावात कधी आली ते मला कळलंच नाही, कारण गेर्के गिऱ्हाइकाला फोन करत नाही. ज्याला हवी असेल तो येईल, असं त्याचं धोरण आहे. मी गेलो तेव्हा ती नऊ दिवस मागच्या खोलीत पडून होती आणि तिच्या खोक्यावर आमिषाच्या बरण्या ठेवल्या होत्या.

तो बुधवार होता. हरणांचा मोसम उघडायला तीन दिवस राहिले होते.

कागद करायला बसलो तर गेर्केनं माझा वाहन परवाना बघितला आणि मान हलवली. परवान्यावरचा पत्ता आणि मी सांगितलेला पत्ता वेगळा होता. मी त्याला समजावून सांगितलं की मी हललेलो नाही. मी बावीस वर्षं त्याच घरात, त्याच खुर्चीत आहे. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यानं अग्निशमनाच्या सोयीसाठी आमच्या रस्त्याचं नाव आणि सगळ्या घरांचे क्रमांक बदलले, म्हणजे मी जागेवर राहिलो आणि पत्ता गेला. गेर्केला हे पूर्णपणे माहीत होतं, कारण त्याच्याही दुकानाचा पत्ता असाच गेला होता. पण सरकारी कागदाला ते माहीत नव्हतं.

"नवा पत्ता असलेला दुसरा कुठला सरकारी कागद आहे?"

विचार करकरून मला सुचलं की शिकारीचा परवाना चालेल. तो मी अजून काढला नव्हता. तो याच दुकानात मिळतो, गांडुळांच्या बाजूला. तिथे गेर्केची बायको मार्लिस बसते आणि ती जेवायला गेली होती. पाच पावलांवरचं ते परवाने छापायचं यंत्र गेर्के चालवू शकत नव्हता, कारण गेल्या वर्षी त्यानं ते चालवलं तेव्हा मार्लिसनं तीन दिवस अबोला धरला होता. मी गांडुळांपाशी चाळीस मिनिटं उभा राहिलो. एवढ्या वेळात दोघांनी मला गांडुळांचा भाव विचारला.

मार्लिस आली, परवाना झाला, मी परत फॉर्मवर आलो. त्या फॉर्मवर प्रश्न असतात. तुम्ही फरारी आहात का? तुम्हाला कधी वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं का? तुम्ही मादक पदार्थांच्या आहारी गेला आहात का? मी एकेकापुढे 'नाही' लिहीत गेलो. असं ओळीनं लिहीत गेल्यावर माणसाच्या मनात येतं, की आपण अठ्ठावन्न वर्षांत तसं काहीच केलेलं नाही. ही गोष्ट अभिमानाची असायला हवी, पण स्टुलांवरून चारजण बघत असताना तशी वाटत नाही.

गेर्केनं माहिती पाठवली. लोकांना साधारण पाच मिनिटांत होकार येतो, असं तो म्हणाला. आम्ही थांबलो. पडद्यावर एक शब्द आला. गेर्केनं तो वाचला, पुन्हा वाचला, आणि माझ्याकडे पहिल्यांदाच थोड्या आदरानं बघितलं.

"थांबवलंय," तो म्हणाला. "पुढची चौकशी चालू. आता आधी उत्तर आलं तर आलं, नाहीतर मंगळवारपर्यंत मी देऊ शकत नाही."

"का थांबवलंय?"

"ते सांगत नाहीत. बहुधा तुमच्या नावाचा दुसरा कुणीतरी असेल, काहीतरी केलेला." तो थांबला. "किंवा तुम्हीच असाल."

मी बाहेर पडून मोटारीपर्यंत पोचलो नसेन तोच बर्नी फोनवर बोलत होता. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे तळलेले मासे खायला हॉटेलात गेलो तेव्हा अख्खा गाव मला अदबीनं वाट करून देत होता. आमच्या टेबलावर वाढणाऱ्या बाईनं मला न मागता चीजच्या गोळ्यांची जास्तीची वाटी आणून दिली. क्लॅरेन्स येऊन कानाशी म्हणाला, वकील हवा असला तर माझा पुतण्या आहे. चर्चच्या हिशेबाचं काय करायचं, याबद्दल रविवारी एक छोटी बैठक ठेवली आहे, असं पाद्रीबाईंनी मला फार मायेनं सांगितलं. लव्हॉन हसून हसून रडत होती. मी मात्र एकही घास नीट खाल्ला नाही. ज्या माणसानं कधी चौकातली 'थांबा' ही पाटी न थांबता ओलांडली नाही त्याच्या वाट्याला हे यावं, याचं मला खरोखर वाईट वाटत होतं.

टेबलावर सासरेही होते, रॉजर होता, केन होता. रॉजर म्हणाला, जाऊ दे, खोपटात एक जास्तीची रायफल पडलेली आहे, ती घे. मी हो म्हणणार होतो. सासऱ्यांनी ताटातून मान वर न करता म्हटलं, "नको. दुसऱ्याची बंदूक नको. तसाच येऊ दे."

"अहो बाबा, पण मग तो करणार काय तिथे?" केन म्हणाला.

"बसेल."

आणि मला शपथेवर सांगता येईल, की त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. लव्हॉन सोडली तर सबंध हॉटेलात माझ्या फजितीनं सुखावलेला एवढा एकच माणूस मला दिसला आणि तो माझा सासरा होता. आधीही मी रायफल घेतोय हे त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते नुसतं 'कशाला?' म्हणाले होते. मला तो टोमणा वाटला होता. आता माझी खात्रीच पटली. मला त्यांनी शिकारीला बोलावलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला शिडीवर चढवायला एक आधार हवा होता, आणि त्या कामाला जावई पुरेसा होता.

शनिवारी पहाट व्हायच्या आत आम्ही निघालो. मी नारिंगी जाकीट घातलं होतं, त्याच्या खिशात परवाना होता, आणि हातात थर्मास. मचाण म्हणजे चार खांबांवरची लाकडी पेटी, आत दोन खुर्च्या आणि समोर आडवी फट. सासरे माझा खांदा धरून शिडी चढले. चढताना त्यांचा पाय दोनदा पायरी चाचपत राहिला. मी मागून धरून ठेवलं. वर बसल्यावर त्यांनी रायफल मांडीवर घेतली आणि आम्ही उजाडायची वाट बघत गप्प बसलो. थंडी इतकी होती की पायाच्या बोटांचा मला पत्ता लागेना. मनात मात्र राग धुमसत होता.

उजाडलं. दूर कुठेतरी गोळ्यांचे आवाज झाले, मग थांबले. तासाभरानं समोरच्या झाडीतून एक नर बाहेर आला आणि चाळीस पावलांवर, मोकळ्यात, आमच्याकडे बाजू करून उभा राहिला. मी मोटारीखाली न आलेलं हरीण इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते अगदी त्याच दिशेला बघत होते, पण त्यांचा चेहरा जसाच्या तसा होता.

मी त्यांच्या कोपराला हात लावला. "समोर," मी पुटपुटलो.

"कुठं?"

"समोरच. चाळीस पावलं."

त्यांनी रायफल उचलली नाही. थोडा वेळ ते समोर बघत राहिले आणि मग त्यांनी रायफलच्या कडेचा दांडा हळूच मागे ओढून मला काडतुसाची जागा दाखवली. आत काडतूस नव्हतं.

"चार वर्षं झाली," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "काडतुसं घरी, मोज्यांच्या कप्प्यात. डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आलाय. कडेचं थोडं दिसतं, समोरचं काहीच नाही. न दिसता गोळी कोण घालणार?"

"रॉजरला माहीत आहे?"

"रॉजरला सांगितलं की मला घरी बसवतील. पोरं अधूनमधून येऊन शेजारी बसली की म्हणतात, बाबा, तो बघा, मारा की. मग काय सांगू त्यांना? एक वर्ष म्हणालो काडतूस भिजलं. एक वर्ष म्हणालो शिंक आली. तुझ्याकडे बंदूक नव्हती. तू विचारलं नसतंस. तू घेतोयस म्हटल्यावर माझी झोप गेली रे."

हरीण अजून तिथेच होतं, बर्फाखालचं काहीतरी हुंगत होतं.

"शिंगं सांग," ते म्हणाले.

मी सांगायला लागलो. तेवढं मला येतं. पंचवीस वर्षं मी जे समोर दिसतं ते लिहीत आलो आहे, डावीकडून उजवीकडे, काही न सोडता. मी सांगितलं, आठ फाटे, डाव्या बाजूचा दुसरा टोकाला मोडलेला. मान जाड. उजव्या खांद्यावर जुना ओरखडा, एक वीतभर, तिथे केस आलेले नाहीत. वजन अंदाजे दोनशे पौंड. वय चार, कदाचित पाच. उजवा कान हलतोय. नाकातून वाफ येतेय. पाठीवर थोडा बर्फ आहे आणि तो वितळलेला नाही.

सासऱ्यांनी डोळे मिटले होते. "आता?" ते म्हणाले.

"आता मान वर केलीय. आपल्याकडे बघतोय."

"बघू दे."

मी सांगत राहिलो, हरीण झाडीत शिरून दिसेनासं होईपर्यंत. त्यानंतर दोन माद्या आल्या, त्यांचंही सांगितलं. एक कोल्हा, एक खार, आणि दुपारी कॉफी पिताना फटीवर येऊन बसलेला एक छोटा पक्षी. खाली उतरताना त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले, लेनर्ड, इतकं मला दहा वर्षांत दिसलं नव्हतं. मला रडू आलं. थंडीत ते कुणाला कळत नाही.

खोपटात सगळ्यांनी विचारलं. सासरे म्हणाले, दिवसभर पानही हललं नाही. रॉजरनं माझ्याकडे पाहिलं. मीही म्हणालो, काही म्हणजे काही नाही.

सोमवारी सकाळी गेर्केचा फोन आला. त्यानं आयुष्यात गिऱ्हाइकाला केलेला तो बहुधा पहिला फोन असावा. सरकारनं मला सज्जन ठरवलं होतं, आणि ही बातमी स्वतः सांगायचा मोह त्याला आवरला नसावा. मी दुकानात गेलो. चारही स्टुलं भरलेली होती. रायफल काउंटरवर होती, त्या अक्रोडाच्या लाकडासकट. मी दीडशे डॉलर ठेवले, पावतीवर सही केली, रायफल ताब्यात घेतली, आणि तिथेच काउंटरवर परत ठेवून म्हणालो की मला ही विकायची आहे.

गेर्केनं ती उचलून नळीतून बघितलं, जणू त्यानं ती पूर्वी पाहिलीच नव्हती. "वापरलेली," तो म्हणाला.

"अहो, तुमच्या दुकानाबाहेरसुद्धा गेली नाही ती."

"कागदावर तुमचं नाव चढलंय ना. चढलं की वापरलेली. तीनशे वीस."

त्यापेक्षा रायफल चर्चच्या दानपेटीत टाकावी इतका मला राग आला, पण मी तीनशे वीस घेतो म्हणालो. गेर्केनं नोटा काढायला खण उघडला आणि थांबला. एवढ्या खटपटीनंतर माणूस रायफल का विकतो, हे त्याला कळत नव्हतं. बर्नीलाही कळत नव्हतं. सगळं दुकान माझ्या तोंडाकडे बघत होतं. पलीकडून मार्लिसही मान उंच करून ऐकत होती. मी सात आठवडे या लोकांपुढे मोठा माणूस असल्याचं दाखवत होतो. काहीही सांगता आलं असतं. पाठ दुखते म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण पुढच्या वर्षी मी बंदुकीशिवाय का जातो, आणि त्याच्या पुढच्या वर्षी का जातो, याचं उत्तर या गावाला आत्ताच देऊन टाकायला हवं होतं, आणि ते असं हवं होतं की सासऱ्यांकडे कुणाचं लक्ष जाऊ नये.

"मला भीती वाटते," मी म्हणालो. "मचाणावर चढलो की पाय लटपटतात. बंदूक हातात धरवत नाही. आल्विननी बघितलं आणि म्हणाले, राहू दे, तू नुसता बस."

कुणीतरी खोकलं. मग चौघेही हसायला लागले. गेर्केनंही तोंड फिरवलं.

"म्हणजे पुढच्या वर्षीही बसणार?" बर्नीनं डोळे पुसत विचारलं.

"हो. त्यांच्या शेजारीच. त्यांच्याशिवाय मला कुठं जमणार."

"चौऱ्याऐंशीव्या वर्षी हेही त्यांनाच सांभाळायचं," बर्नी म्हणाला. "बिचारा आल्विन."

मी 'खरंच' म्हणून मान डोलावली आणि तीनशे वीस डॉलर मोजून घेतले.